खडूने वाचवलेलं हेड

माझी गाडी पंचवीस वर्षांची झाली आणि घरात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. शाळेत गणित शिकवता शिकवता काटकसर करून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावरची ही एकच वस्तू. तिला कोणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

यंदा वैशाखात भुसावळहून जळगावला परतताना नशिराबादजवळ तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी गाडी थांबवली, फडक्याने रेडिएटरचं झाकण काढलं आणि टपरीवरच्या माठातलं थंडगार पाणी आत ओतलं. आतून कड्‌कन आवाज आला. गाडी ओढून घरी आणावी लागली. मुलाला सांगितलं, "आपोआप बंद पडली."

"सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो," तो म्हणाला.

"त्याच्या आधी मिस्त्री येईल," मी म्हणाले.

मिस्त्री म्हणजे आमचे नाना, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी ऑइलची पट्टी काढली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं.

"पाणी ऑइलमा जाई ऱ्हायनं. अक्का, खरं सांगा, तापेल इंजिनमा थंडं पाणी कोनी टाकं?"

मुलगा शेजारीच उभा. चूक कबूल करा, अर्धे गुण तिथेच मिळतात, असं मी पोरांना तीस वर्षं सांगत आले. आणि आता मीच फडक्याने गाडीचा आरसा पुसायला लागले.

"मी टाकलं," शेवटी बोलले. मुलगा हसला. मला भयंकर राग आला, पण छातीवरचं ओझंही उतरलं.

"हेड वाकेल व्हई ते वाचस," नाना म्हणाले. "फुटेल व्हई ते मंग भंगारच."

त्यांनी हेड, म्हणजे इंजिनवरचं जाड धातूचं झाकण, उतरवून धुतलं, त्यावर रॉकेल लावलं, मुरू दिलं आणि कोरडं पुसलं. आता वर खडू फासायचा. कुठे चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. नाना खडू शोधायला लागले. मी पर्समधून काढून दिला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पर्समध्ये खडू असतोच. फासलाही मीच.

अर्धा तास मी खडूने पांढऱ्या झालेल्या त्या हेडकडे टक लावून बसले होते. मनातून घाबरले होते. नानांनी चष्मा सावरून कोपरा न् कोपरा पाहिला.

"कोरडं शे, अक्का! बठ्ठं कोरडं!"

हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली तेव्हा पट्टीखाली मधोमध उजेड दिसला. हेड वाकलं होतं, एवढंच. ते मशीनवर सपाट करून आणलं, नानांनी व्हॉल्व्ह घासून बसवले, हेडखाली पाणी-ऑइल अडवणारं नवं गॅसकेट टाकलं. बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत. मी हजेरी घेतल्यासारखे नंबर पुकारत गेले आणि नाना आवळत गेले. एकही नंबर चुकला नाही.

नवं ऑइल भरलं आणि दुसऱ्या फटक्यात इंजिन सुरू झालं. मी अंगणात टाळ्या वाजवल्या, शेजारी बघत होते तरी.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा मी मुलाला शेजारी बसवून भुसावळला निघाले होते. भर दुपारी नशिराबादला त्याच टपरीशी गाडी थांबवली. काटा मध्यावर होता. मुलाने तो दोनदा वाकून पाहिला. मी टपरीवाल्याकडून माठातलं थंडगार पाणी मागून घेतलं आणि या वेळी स्वतः प्यायले.