गाळलेला डॉलर

जानेवारीतल्या एका मंगळवारी आमच्या दैनिकाच्या अर्थपानावर दोन कॉलमची बातमी छापून आली: आयात होणाऱ्या एका प्रकारच्या प्लॅस्टिक दाण्यावर अँटी-डम्पिंग शुल्क लागू. बातमी मी लिहिली होती.

परदेशी कारखाने स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात माल इकडे ओततात, तेव्हा इथल्या उत्पादकांच्या बचावासाठी सरकार जे जादा शुल्क लावतं, ते हे. अधिसूचनेत ते टनामागे डॉलरमध्ये होतं. बातमीत रुपयांत आलं. आमच्या डेस्कचा नियमच तसा आहे. परकी चलनाचा आकडा आला की त्या दिवशीच्या दराने रुपये करायचे आणि मूळ आकडा गाळायचा. वृत्तसंपादकांचं ठरलेलं वाक्य होतं, "वाचक चहा पिताना गुणाकार करत नाही." मी गुणाकार केला, दोनदा तपासला आणि डॉलर गाळला.

माझ्या धाकट्या दिरांची वाघोलीत प्लॅस्टिक मोल्डिंगची शेड आहे. तेव्हा चार मशीन होती. दाणा सगळा परदेशातून येतो. हिंजवडीच्या एका कंपनीला त्यांना केबल झाकायच्या पट्ट्यांचं वर्षभराचं कोटेशन द्यायचं होतं. रविवारी ते विश्रांतवाडीला आमच्या घरी आले, कात्रण घेऊनच.

"वहिनी, आकडा पक्का ना?"

"पक्का."

त्यांनी ते कात्रण कोटेशनला जोडलं. करारात एक कलम होतं: सरकारने नवी अधिसूचना काढून शुल्क बदललं तरच भाव बदलेल, एरवी वर्षभर तोच.

मार्चनंतर रुपया घसरत गेला. दाण्याची किंमत डॉलरमध्ये असते हे भाऊजींना ठाऊक होतं, त्यासाठी त्यांनी बँकेत डॉलरचा दर आधीच बांधून घेतला होता. शुल्काची तजवीज केली नव्हती, कारण ते रुपयांत छापलेलं होतं. कस्टम्सने मात्र ते डॉलरमधून मोजलं, माल बंदरावर आल्यावरच्या दराने.

त्यांचा फोन आला. "वहिनी, सरकारने शुल्क कधी वाढवलं?"

"वाढवलं नाही."

"मग मी जास्त का भरतोय?"

मी मूळ अधिसूचना पाठवली. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"म्हणजे ते पहिल्यापासून डॉलरमध्ये होतं."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

भाव वाढवून मागायला हिंजवडीला मी त्यांच्याबरोबर गेले. खरेदी अधिकाऱ्यांनी फाइल उघडून कात्रण आमच्याकडे फिरवलं. "नवी अधिसूचना आली का?"

"नाही, पण रुपया पडला," भाऊजी म्हणाले.

"रुपया आम्ही पाडला नाही. आणि यात डॉलर कुठे दिसतो?"

मूळ कागदात आहे, असं मी सांगितलं.

"मग मॅडम, तेच छापायचं होतं."

परतताना कंपन्यांच्या बसगाड्यांमागे दीड तास गेला. भाऊजी एवढंच म्हणाले, "तुमचा गुणाकार बरोबर होता हो."

दुसऱ्या दिवशी मी वृत्तसंपादकांकडे दुरुस्ती मागितली.

"त्या दिवशी तेवढेच रुपये होत होते ना?"

"होत होते."

"मग चूक कोणती छापू? आपण चुकीची दुरुस्ती छापतो, रुपयाची नाही."

मी लेख देऊ केला. रुपया पडल्याने परदेशी दाणा आपोआपच महाग झाला होता. ज्या स्वस्ताईवर उपाय म्हणून शुल्क लावलं ती कमी होत होती आणि शुल्क रुपयांत वाढत होतं. लेख तीनदा दिला. तीनदा जागा नव्हती. शुल्काचा फेरविचार दिल्लीत मागता येतो, हे मी भाऊजींना सांगितलं. किती दिवस लागतात, त्यांनी विचारलं. कराराचे उरले होते त्यापेक्षा जास्त लागणार होते.

दरम्यान डेस्कच्या नियमावलीची नवी प्रत निघाली. परकी चलनाचं कलम जसंच्या तसं होतं.

दिवाळीआधी भाऊजींनी एक मशीन विकलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पट्ट्यांचा शेवटचा टेम्पो ठरल्या भावाने हिंजवडीला पोहोचला. कंपनीने पुढच्या वर्षाचं कोटेशन मागवलं. वाघोलीहून ते गेलं नाही.