आईचं जरा मागून येणारं हसू

आईला ऐकू येत नाही, पण हसण्यात ती कुणाला हार जात नाही. चार माणसं हसली की तीही हसते, जरा मागून. कानाचं यंत्र आणलं होतं. "भांडी आपटल्यासारखं होतं" म्हणून ते बांगड्यांच्या डब्यात पडून आहे. कशाला हसलात, हे ती कधी विचारत नाही. मला याचा राग यायचा. न कळता कसलं हसायचं?

मग एकदा नारायणगुड्यातल्या आमच्या घरासमोरच्या गच्चीवर माकडाची दोन पिल्लं एकमेकांना लोळवत होती. तोंडं उघडी, पण चावत कुणीच नव्हतं. आई खिडकीतून म्हणाली, "हसायलेत बघ." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसणं विनोदाच्या आधीचं असावं. भिऊ नका, मी तुमच्यातलीच आहे, एवढंच त्यात सांगायचं असतं. आईही तेच सांगत होती.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. सुलतान बाजारातून वाण आणलं, तिळगूळ केला. रिवाजाप्रमाणे एकेकीला उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, सगळ्यांबरोबर हसत, अगदी खुशीत. मग वरच्या मजल्यावरच्या, पुण्याहून आलेल्या मुलीची पाळी आली. तिचा नवरा नुकताच घर सोडून गेला होता, हे फक्त मला माहीत होतं. विषय बदलावा म्हणून मी तिळगुळाची थाळी पुढे केली, पण शेजारच्या मावशी कुठल्या ऐकायला. "घे की बेटी, कायकू लाजतीस?"

तिने पहिली ओळ म्हटली. नावापाशी आली आणि तोंडावर पदर धरून खाली वाकली. खांदे हलत होते. नाव घेताना बायका लाजून असंच तर करतात. सगळ्यांना हुंदका ऐकू आला. आईला फक्त खांदे दिसले. ती टाळ्या वाजवून हसली, त्या एका वेळी सगळ्यांच्या आधी.

दुसरं कुणी हसलं नाही. आईने एकेकीचं तोंड पाहिलं, मग माझं. ओठांवरचं हसू आवरायचं कसं, ते तिला कळेना. मला धावत जायचं होतं, पण जाऊ कुणाकडे? मी थाळी धरून नुसती उभी राहिले. त्या मुलीला जवळ घेतलं ते मावशींनीच.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. आईचे हात धरून म्हणाली, "आजी, मनाला लावून घेऊ नका." आईने मान डोलावली. काय कळलं, देव जाणे.

आता माझ्या मुली हिंदी-तेलुगू मिसळून काहीबाही बोलतात आणि खिदळतात. आई लगेच हसत नाही, आधी माझ्याकडे बघते. बऱ्याचदा विनोद मलाही कळलेला नसतो, हसावंसंही वाटत नसतं. तरी मी हसते. मग ती हसते.

परवा धाकटी म्हणाली, "मम्मी, तू ऑफिसला गेलीस की आजी हसतच नाही."