रणाला निघण्याआधी गल्लीत ठोकलेला तंबू

आमच्या लातुरात संस्कृत हा विषय मुलं गुणांसाठी घेतात. मी तो पोटासाठी घेतला आणि पंचवीस वर्षं शिकवत आलो. इतक्या वर्षांत सुट्टी म्हणजे दोन बॅचमधली फट. म्हणून कच्छच्या रणातल्या कला-उत्सवाचा व्हिडिओ पाहिला, पांढऱ्याशुभ्र मिठावर मांडलेली चित्रं, बाहुल्यांचे खेळ, चांदण्यात गाणारी माणसं, आणि पन्नाशीतल्या माणसाला न शोभणारी गोष्ट मी करून बसलो. बायकोला न विचारता दोघांचं आरक्षण केलं. वर अडीच हजारांचा तंबूही मागवला, कारण तिथल्या सजवलेल्या तंबूंचे दर ऐकून वैराग्य येतं. आपला तंबू नेला तर जागेचे रोज तीनशे.

सुनंदाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"रण बघायला येते," ती म्हणाली. "तंबूत झोपायची न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंप झाला त्या वर्षी ती दहावीत होती. आधी काही आठवडे तंबू, मग वर्षभराहून जास्त पत्र्याचं शेड. आजही लग्नाच्या मांडवात ती कडेची खुर्ची धरते. हे सगळं मला ठाऊक होतं. अख्खा शब्दकोश पाठ असलेल्या माणसाला नेमकं हवं तेच आठवत नाही. आरक्षण रद्द करतो म्हणालो, तर म्हणे, "कशाला? यायचं तर हायच मला. झोपायचं बघू."

या 'बघू'वर मी तयारीला लागलो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: वाळवंट म्हणजे ऊन, हा भ्रम घरी ठेवून जा. डिसेंबरात तिथं दात वाजतात. दोन स्वेटर, कानटोपी, जाड मोजे, ओठांना व्हॅसलीन आणि काळा चष्मा घ्या. दुपारी मीठ डोळ्यांत घुसतं. पाण्याच्या बाबतीत मात्र लातूरकराला कुणी शिकवू नये. आम्ही रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेली माणसं! मी वीस लिटरचे दोन जार बांधले. सुनंदानं दोन्ही सोडले. "तिथं माणसं ऱ्हातात, निस्ते उंट न्हाईत." दोन बाटल्यांवर तह झाला.

राहिला तंबू. आमच्या गावात सराव परीक्षेशिवाय कुणी मुख्य परीक्षेला बसत नाही. रविवारी संध्याकाळी सुनंदा बाजारात गेली आणि मी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तंबू उभा केला. गादी, बॅटरी, बाटल्या, कपड्यांची बॅग, सगळं साग्रसंगीत आत नेलं. ती येईल, हसेल, पाच मिनिटं आत बसेल, भीती जाईल. योजना शास्त्रशुद्ध होती. मी कानटोपी घालून आत आडवा झालो आणि चक्क डोळा लागला.

जाग आली ती गलक्यानं. डोकं बाहेर काढलं तर प्लॉटभर अंथरुणं. समोरच्या शकुंतलाकाकू गॅसची शेगडी घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या हॉस्टेलच्या तीसेक मुली पुस्तकांसकट रस्त्याच्या दिव्याखाली ओळीनं बसल्या होत्या आणि, देवाशपथ सांगतो, प्रश्न सोडवत होत्या. मेसवाले इस्माईलभाई भाताचं पातेलं उतरवत होते.

"सर, कित्ते बजे का बोले?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"कशाचं?"

"झटके का."

संस्कृतचे सर, म्हणजे पंचांग येणारच. आणि ते गादी-गाठोड्यासह घराबाहेर झोपलेत, म्हणजे त्यांना काहीतरी कळलेलं असणारच. भूकंप पाहिलेल्या गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

मी खुलासा करणार, तोच कोपऱ्यावर सुनंदा दिसली. तिनं अंथरुणं पाहिली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली. चूक माझी होती. मी टोपी काढून धावत गेलो, "काही नाही गं, सराव होता!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं.

"सरावात खुंट्या अशा ठोकतेत व्हय?"

सरळ चालत गेली, दगड उचलला आणि चारही खुंट्या तिरप्या करून ठोकल्या. मग गल्लीला सगळं सांगितलं. आधी काकू मला वाट्टेल ते बोलल्या. मग आलोच आहोत तर, म्हणून त्याच शेगडीवर भजी तळली. इस्माईलभाईंनी भात वाढला. मुलींनी सुनंदाला घेरलं.

"काकू, तंबूत अभ्यास केला तुम्ही? भीती नाही वाटली?"

"वाटली की. भूगोलाचा पेपर व्हता."

मुली हसून लोळल्या. सुनंदाही हसली. पण बसली होती तंबूबाहेर, दाराला पाठ लावून.

प्रवास सोपा आहे. लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून भुज, पुढे जीपनं दीड-दोन तास. वाटेत भिरंडियाराला परवाना काढावा लागतो. ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा आणि तिथला खवा खा. मी पाव किलो एकट्यानं संपवला. उत्सवाचं काय सांगू! वाऱ्यावर वाजणारी बांबूची कमान, उंटाएवढी बाहुली, मिठावर निळी चित्रं काढणारा एक म्हातारा चित्रकार. मी लहान मुलासारखा एकीकडून दुसरीकडे धावत होतो. "अहो, पडाल!" हे वाक्य दिवसातून नऊदा ऐकलं.

भरतकामाच्या दुकानात भुजकडच्या एक बाई होत्या. त्यांच्याकडचा भूकंप आपल्यानंतरचा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण 'भूकंप' हा शब्द दोघींकडे एकच. त्यांनी तंबूकडे बोट दाखवून आठ बोटं उभी केली, आठ महिने. सुनंदानं दोन्ही हातांची दहा दाखवली, मग आणखी पाच. त्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि दोघी जुन्या वर्गमैत्रिणींसारख्या खिदळल्या.

तिथं तीन रात्री होतो. तिन्ही रात्री सुनंदा तंबूत झोपली, पण अर्धीच. धड आत, डोकं बाहेर, चेन उघडी. "लावू का?" म्हटलं की "नको." मी कुडकुडत राहिलो आणि पुन्हा विचारलं नाही. पहाटे तिचे केस दवानं ओले असायचे.

घरी येऊन आठवडा झाला. बुटांतून अजून मीठ निघतं. नववीची मुलं उंटाला संस्कृतात काय म्हणतात हे आता आपणहून विचारतात, म्हणजे मी वर्गात फारच बोललो असणार. आज दुपारी धुतलेला तंबू प्लॉटवर वाळत घातला होता. जेवण झाल्यावर सुनंदा उशी घेऊन निघाली.

"कुठं?"

"माशा लई झाल्यात घरात."

ती वाकून आत गेली. मी खिडकीतून पाहत होतो. आधी चपला बाहेर आल्या, नीट जोडून ठेवलेल्या. मग चेन खालपासून वरपर्यंत, सावकाश, आतून लागली.

"चहा झाला की हाक मारा," तंबूतून आवाज आला.