नवव्या मजल्याची लिफ्ट

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या मिस्त्रींना एका जागी बसणं म्हणजे शिक्षाच. बायकोच्या धाकट्या बहिणीनं परदेशातून तिकिटं पाठवली, तेव्हा "तीन आठवडे मी तिथे काय माशा मारू?" असं कुरकुरतच ते विमानात बसले. बायको मात्र हरखून गेली होती. बहिणीला बघून तिला अकरा वर्षं झाली होती.

धाकटीचं घर नवव्या मजल्यावर. सामानासकट सगळे लिफ्टमध्ये शिरले आणि सहाव्या मजल्याच्या आसपास डोक्यावरून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मिस्त्रींनी कान टवकारले.

"साडूभाऊ, हा आवाज कधीपासून?"

"कुठला आवाज?" साडू म्हणाला.

झालं! मिस्त्रींच्या जिवाला घोर लागला. जेवता जेवता उठायचे, जिन्यानं खाली उतरायचे आणि लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहायचे. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात. साडूनं इमारतीच्या ऑफिसात तक्रार दिली. मेकॅनिक पुढच्या गुरुवारी येणार, असं कळलं. "तोवर लिफ्टनं कुणी जायचं नाही," मिस्त्रींनी फर्मान काढलं. साडू आणि धाकटी मान डोलवायची आणि लिफ्टनंच जायची. ऐकणारी एकटी बायको. नऊ मजले खाली, नऊ मजले वर. पाचव्या दिवशी तिचा गुडघा टम्म सुजला.

धाकटीचा धीर सुटला. "भावोजी, ताई अकरा वर्षांनी आली ती जिने चढायला का? ना बाजार, ना बाग. शेकत बसलीये बिचारी!"

बोलली ती बायकोच.

"त्यांना नको बोलूस. असाच एक आवाज त्यांनी एकदा सोडून दिला होता. उद्या बघू, म्हणाले. सकाळी त्याच लिफ्टमध्ये कामावरच्या जोडीदाराची दोन बोटं गेली."

मिस्त्री उठून गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले.

गुरुवारी मेकॅनिक आली. तिशीतली बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा. भाषेची बोंबच, मिस्त्रींनी वर बोट दाखवलं आणि तोंडानंच 'टक्' केलं. ती हसली. लिफ्टच्या छतावर चढली, टॉर्च मारून तिनं त्यांनाही वाकून बघू दिलं. दोर नवे, ब्रेक ठणठणीत. एका पत्र्याचा स्क्रू तेवढा सैल होता. तिनं तो आवळला, लिफ्ट वरखाली फिरवली. आवाज बंद. आठवडाभराचं रामायण एका स्क्रूपायी!

मिस्त्री वर आले आणि बायकोच्या पायाशी बसले.

"अगं, काहीच नव्हतं. पत्रा वाजत होता."

"बरं झालं की मग."

"कसलं बरं? तुझ्या गुडघ्याची वाट लावली मी."

"सूज उतरेल हो. पण उरलेले तेरा दिवस मला फिरू द्या. आणि तुम्हीपण चला. घरी बसलात तर आता फ्रिजला कान लावाल."

धाकटीला हसू आवरेना. मिस्त्रीही हसले, पण उशिरा.

दोन दिवसांनी सूज उतरली तशी तिघं बाहेर पडली. लिफ्टमध्ये बहिणींच्या गप्पांना ऊत आला होता. मिस्त्री भिंतीवर तळहात टेकून मजले मोजत होते. तळमजला आला. ते आधी बाहेर पडले आणि दोघी येईपर्यंत दार हातानं धरून उभे राहिले. बसमध्ये जागा मिळाली, तरी त्यांची चुळबुळ चालूच. कधी खिडकीची कडी चाचपायचे, कधी समोरचा दांडा हलवून बघायचे. बायकोनं बोलणं न तोडता आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"धरा जरा," ती म्हणाली, आणि पुन्हा बहिणीकडे वळली.