शून्य-वीस की वीस-चाळीस

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कुणी पाहुणा आला तर त्याला वेळेवर चहा मिळणं अवघड. घरातली सगळी वाहनं त्या दिवशी अंगणात ओळीनं उभी असतात. ट्रॅक्टर, जुनी जीप, नवऱ्याची मोटारसायकल, आणि आता बंदच असलं तरी मानाचं म्हणून विहिरीवरचं डिझेल इंजिनसुद्धा. त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसलेले माझे सासरे. जुनं ऑईल सोडायचं, नवं भरायचं, गाड्या धुवायच्या आणि दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार घालून पूजा करायची. जुनं ऑईल पोटात घेऊन गाडी पूजेला उभी राहिलेली त्यांना खपत नाही. ऑईलही सगळ्यांना एकच. शेडमधल्या मोठ्या कॅनमधलं ट्रॅक्टरचं दाट वीस-चाळीस.

मामंजी फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन आले ते थेट उसात शिरले. दोन-तीन वर्षांमागं छातीत कळ आली, मिरजेत स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायला मनाई केली. मग नवऱ्यानं हळूहळू पाणी पाजणं, खतं, कारखान्याची तोड, सगळंच स्वतःकडं घेतलं. मायेनंच घेतलं, पण घेतलं. मामंजींकडं उरलं ते गाड्यांच्या ऑईलचं काम. तेवढ्यापुरते ते घरचे कारभारी असायचे, आवाजसुद्धा वेगळा निघायचा. ते काम गेलं असतं तर माणूस खचलाच असता, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि नेमकी माझीच गाडी आडवी आली.

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. आष्ट्याजवळच्या आमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करते. एसटीला लोंबकळून वैतागले आणि एक लहान पेट्रोल गाडी घेतली. वॉरंटी होती तोवर ऑईलचं काय ते शोरूमवाले बघायचे. गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर वॉरंटी संपली आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामंजी हात चोळत बाहेर आले.

"वॉरंटी सपली म्हंजी गाडी आता सासरी आली. आण हिकडं, लाव वळीत."

मी लावली. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी ओढली आणि बोटांच्या चिमटीत थेंब घेऊन चोळला. त्यांचं तोंड असं झालं, जणू आमटीत मीठ घालायचं राहिलंय.

"ह्ये ऑईल हाय का पानी?"

"पातळच असतं मामंजी. झाकणावर लिहिलंय बघा. झिरो डब्ल्यू वीस."

"झिरो?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "अगं, झिरोवर कवा गाडी चालतीया व्हय? लुटलं तुला शोरूमवाल्यांनी. थांब, चांगलं वीस-चाळीस घालतो. इंजिन कसं गप चालतंय बघ."

आता मी कोरेगावची. आमच्या माहेरी माणसं आधी भांडतात आणि मग विषय काय होता ते विचारतात. पण सासऱ्यांपुढं म्हणून जीभ आवरली आणि शक्य तितक्या गोडीनं समजावलं. यातला पहिला आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यात लवकर वाहतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर किती दाटपणा उरतो त्याचा. नव्या इंजिनात ऑईलच्या वाटा बारीक असतात, तिथं दाट ऑईल वेळेवर पोचत नाही.

"थंडीचा? आगं, मी लेहच्या पुढं गाडी चालवलीया. तिथं सकाळी ऑईल गोठायचं, गाडीखाली स्टो पेटवून वितळवायचो आमी. तिथं पातळ पायजेच. पर आपल्याकडं मे महिन्यात पत्रा हातानं शिवता येत न्हाई. सांगलीत तुला कुठं बरफ दिसला?"

मुद्दा बरोबर होता आणि बरोबर मुद्द्यानं माझा पारा जास्त चढतो. मी म्हटलं, "आवं मामंजी, तुम्हाला रोज रक्त पातळ करायची गोळी देतात, ते डॉक्टर काय येडे आहेत?"

"त्यानंच तर अंगातला दम गेला माज्या!"

झालं. एवढ्यात नवरा आला. त्याला नेहमी चुकीच्या वेळी शहाणपण सुचतं. "आबा," तो म्हणाला, "तिच्या गाडीला तुम्ही हातच लावू नका. नव्या गाड्यांचं तुम्हाला काय कळत न्हाई. मी गॅरेजला टाकतो."

मामंजींनी पट्टी फडक्यानं पुसली, जागेवर ठेवली, बॉनेट अलगद लावलं. "बरं," म्हणाले, आणि पायरीवर जाऊन बसले. ट्रॅक्टरचं जुनं ऑईल अर्धं सोडलेलं होतं, तिकडं त्यांनी बघितलंही नाही. मला इतका राग आला नवऱ्याचा! माझं इंजिन वाचवायचं होतं हे खरं, पण असं? वीस-चाळीस मी घालू देणार नव्हते आणि गाडी त्यांच्या हातून काढूही देणार नव्हते. दोन्ही कसं जमवायचं ते देवाला ठाऊक. मी पर्स उचलली.

"उठा मामंजी. सांगलीला जाऊ. ऑईल तुम्हीच निवडायचं."

"मी कशाला? मला काय कळतंय?"

"ते तुमच्या लेकाचं मत. गाडी माझी आहे. उठा."

दुकान त्यांच्या जुन्या ओळखीच्या जैन शेटजींचं. शेटजींनी गाडीचं मॉडेल विचारलं आणि काउंटरवर दोन डबे ठेवले. झिरो-वीस आणि पाच-तीस. माझ्या गाडीच्या पुस्तकात पहिलं झिरो-वीस दिलेलं, आणि ते न मिळाल्यास पाच-तीस चालेल असंही दिलेलं. म्हणजे निवडायला खरोखरच जागा होती, मी काही म्हाताऱ्या माणसाची समजूत काढायला त्यांना आणलं नव्हतं.

"आपल्या उन्हाला पाच-तीस घ्या," शेटजी म्हणाले. "जरा दाट आहे. पुष्कळ जण तेच नेतात."

मामंजींना जरा बरं वाटलं. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा मागितला, त्यावर दोन्ही ऑईलचे थेंब शेजारीशेजारी टाकून घेतले आणि पत्रा तिरका केला. झिरो-वीस आधी घसरलं. "बघ, कसं पळालं," ते मला म्हणाले. मग पत्रा डोळ्यांजवळ नेऊन त्या घसरलेल्या थेंबाकडंच बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"न्हाई... फौजेत गाडी शिकीवनारा आमचा एक उस्ताद हुता. गाडी चालू केली की म्हनायचा, ऑईलची सुई हलंस्तोवर पाय वर. रेस द्यायची न्हाई, गेर टाकायचा न्हाई. सुई हलली म्हंजी ऑईल वर चढलं. तोवर इंजिन कोरडं घासतंय. तुझ्या गाडीत सुई कुठं असती गं?"

"सुई नाहीच माझ्या गाडीत. एक लाल दिवा आहे."

"आणि तू सकाळी चालू करून किती थांबतीस?"

"थांबते कुठली? सातची ड्युटी असते. किल्ली फिरवली की निघाले. जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा फाटकाबाहेर गेल्यावर लावते."

शेटजी हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी पत्रा काउंटरवर ठेवला. "म्हंजी कोरडंच पळीवतीस की रोज! आणि मी हितं दाट घालाय निघालो हुतो. इंजिन बसलं असतं तर आष्टा रस्त्याला एकटी कुठं बसली असतीस?" मग शेटजींकडं वळून एकदम फौजी आवाजात म्हणाले, "पाच-तीस ठेवा आत. ही पोरगी थांबत न्हाई. हिला पळणारं ऑईल पायजे. झिरोच द्या."

मला हसू आलं. माझ्यासाठी ऑईल निवडताना त्यांनी ऊन बघितलं नाही, आकडा बघितला नाही. मी घरातून कशी निघते तेवढंच बघितलं. माहेर सोडल्यावर माझ्या निघण्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी माझ्या गाडीचं ऑईल बदललं, फिल्टर बदलला, मग अर्धा राहिलेला ट्रॅक्टर पुरा केला. नवरा मदतीला वाकला तर त्याला म्हणाले, "सरक रं, नव्या गाड्यांचं तुला काय कळत न्हाई." नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम आभाळाकडं बघितलं.

दसरा झाला. त्यानंतर पहिल्या ड्युटीला मी धावतपळत बाहेर आले, तर गाडी चालू. आत ड्रायव्हरच्या सीटवर मामंजी. स्वेटर, कानटोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ऑईल वर चढू दे म्हनलं," ते म्हणाले आणि उतरून दार धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मामंजी, आता हे पातळ ऑईल घातलंय ना आपण, ते किल्ली फिरवल्याबरोबर वर पोचतं, एवढा वेळ चालू ठेवायची गरजच नाही. ते "व्हय का?" म्हणाले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा आत बसलेले. नवरा कुरकुरला, उगाच पेट्रोल जाळतात. मी त्याला सांगितलं, आबांना यातलं एक अक्षर बोललास तर तुझी मोटारसायकल विकून टाकीन.

पुढं ऐन थंडीत एकदा गारठा फारच होता. मी त्यांना विचारलं, "रोज एवढ्या पहाटे उठायचा कंटाळा येत नाही तुम्हाला?"

ते उतरले, सीट माझ्या मापानं पुढं सरकवली आणि दार धरलं.

"घरात समदी म्हनत्यात, आबा, तुमी बसा. शेतात गेलो तरी बसा, गोठ्यात गेलो तरी बसा. सकाळी ह्या गाडीपाशी आलो की मला बसा म्हननारं कोन नसतं गं."

डोळे भरून आले तशी मी घाईघाईनं आत बसले आणि माझ्या नेहमीच्या तिखट आवाजात म्हणाले, "मग उद्या जरा लवकर या. आज काच पुसायची राहिलीय."

"आयला!" मामंजी म्हणाले, आणि खांद्यावरचं फडकं काढून काच पुसायला लागले.