फिटरकाकांची शिकवणी

आमच्या शेजारच्या फिटरकाकांइतका ठार बहिरा आणि तरीही सगळं ऐकणारा माणूस अख्ख्या कोपरगाव तालुक्यात दुसरा नसेल. साखर कारखान्याच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. पण मशीन बिघडलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ते दुखणं नेमकं सांगत. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. नळावर कोण कोणाबद्दल काय म्हणालं ते त्यांना लांबच्या ओट्यावरून कळे, म्हणून ते दिसले की कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावत.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. गावाची पोरं वाचायला लागली आणि माझीच लेक अडली! सहा वर्षांची बेबी भिंतीवरचा तक्ता घडाघडा म्हणायची, पण ‘बस’ लिहून दाखवलं की म्हणायची, “बदक, ससा.” मी चिडायचो. मग पाटी दिसली की ती पलंगाखाली दडू लागली. जूनमध्ये तिला माझ्याच वर्गात बसायचं होतं. सगळ्या शाळेपुढे माझी शोभा होणार होती.

एके दिवशी काका सरळ घरात शिरले. “मास्तर, तुमी वरडता ते मला ऐकू येत न्हाई, पन दिसतं. पोरगी लई भ्यालीय. आन् ते बदक कशाला आनता मधी? अक्षराचा आवाज तेवढा द्या तिला.” एवढं बोलून हा सहा फुटी माणूस स्वतःच पलंगाखाली गेला! शिकवणी तिथेच सुरू झाली. “ओठ मीट. हां, म्म्म. आता जीभ दाताशी, स्स्स.” तिच्या हनुवटीखाली बोट धरून ते आवाज तपासायचे. बहिऱ्या माणसाचा गळा तो. आज कोणतं अक्षर चाललंय ते कॉलनीच्या फाटकापर्यंत कळायचं. ट्रेनिंग घेतलेला मी, आणि शिकवणार कोण, तर फिटर! मला भयंकर राग यायचा.

मे संपता संपता बेबी पलंगाखालून बाहेर आली, स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरच्या डब्यावर तिने बोट ठेवलं. “सा... ख... र. साखर!” मी आनंदाने ओरडायला वळलो, तर काका डोळे पुसत होते.

“सांगू नका, मास्तर. दिसलं मला.”

बेबी आता कॉलेजात मराठी शिकवते. ती माझी नव्हे, काकांची विद्यार्थिनी, हे मी भेटेल त्याला छाती फुगवून सांगतो. काकांची नजर अलीकडे अधू झालीय. माहेरी आली की ती पेपर घेऊन त्यांच्या अगदी जवळ सरकते आणि आवाज न काढता, सावकाश ओठ हलवत बातम्या वाचते. ते मधेच खो-खो हसतात. मी शेजारी बसून पाहत राहतो. मला एक अक्षर कळत नाही.