आबांनी न पाहिलेला बाजार

जानेवारीचा दुसरा रविवार. हजर: मी, आमचे हे, शेजारचे आबा आणि काकू. विषय: चौघांनी कोणत्या क्रूझने जायचं. काकूंची अट: या खेपेला बंदरावर उतरायचंच.

आबा तीन क्रूझ करून आलेत. कंपन्यांची प्रतवारी ते चहावरून लावतात. "हे जहाज झ्याक हाय, पण चहा म्हंजी कोमट पाण्यात बुडवल्याली पिशवी. खोडा!" मी यादीतून खोडलं.

दुसऱ्या जहाजावर आबा खूश. त्याच्या एका बंदरावरचा मसाल्याचा बाजार ते आम्हाला वर्षभर ऐकवतायत. "छोट्या बोटीनं किनाऱ्याला जायचं आन् डावीकडं वळायचं."

काकू हसल्या. "तुमी कवा वळला? माझ्या गुडघ्यांमुळं मला त्या बोटीत पाय टाकवंना, म्हणून दिवसभर डेकवर माझ्याजवळ बसला हुता की! बाजार शेजारच्या खोलीतल्यांनी सांगितला."

आबांनी चष्मा पुसला. यादी ओढून ते जहाज स्वतःच खोडलं. "तो बाजार काय खास न्हाय. ते पिशवीवालं परत लिवा. ते थेट धक्क्याला लागतं, बोटीत उतराय नगं."

मी लिहिलं. प्रत्येक बंदरात ते धक्क्यालाच लागतं का, हे कंपनीला विचारायचं काम माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.